बालेवाडीतले तीन सेकंद

"बालेवाडीला? तिथं काय आहे गं बघण्यासारखं?"

आदल्या रात्री पिशवी भरत होते, तेव्हा शेजारच्या वहिनींनी दारातूनच विचारलं. आणि खरं सांगते मैत्रिणींनो, मला चटकन उत्तर सुचलं नाही. बालेवाडी म्हणजे काही महाबळेश्वर नव्हे की पंढरपूर नव्हे. आमच्या साताऱ्याहून बाई पुण्याला निघाली की एक तर लग्नाचा बस्ता बांधायला, नाहीतर कुणाला मोठ्या दवाखान्यात दाखवायला. मी निघाले होते लेकीला घेऊन पिस्तुलाच्या रेंजवर! पिशवीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दोन टॉवेल, साबणाची वडी आणि लेकीचे सपाट तळाचे बूट. वहिनींना म्हटलं, "येऊन सांगते." त्यांना सांगायचं राहूनच गेलं, म्हणून आता तुम्हांला सांगते.

लेक पंधरा वर्षांची आहे. गेली तीन वर्षं ती १० मीटर एअर पिस्तूल चालवते. हवेच्या दाबावर चालणारं पिस्तूल आणि साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा. जिल्ह्यात तिचं बरं नाव आहे. पाहुणे आले की सासूबाई तिची पदकं हळूच काढून दाखवतात. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि गेल्या वर्षी तिच्या सरांनी सुचवलं, "आता हिला पंचवीस मीटरवर आणू या."

पंचवीस मीटर म्हणजे खऱ्या काडतुसाचं पिस्तूल, पॉइंट टू-टूचं. त्याला परवाना लागतो आणि एवढ्या लहान मुलीच्या नावावर तो मिळत नाही; क्लबच्या पिस्तुलावर, सरांच्या नजरेखाली शिकायचं. काडतूस छर्ऱ्यापेक्षा कितीतरी पटींनी महाग. आमच्या गावच्या क्लबात पंचवीस मीटरची रेंजही नाही. म्हणजे दर खेपेला पुणे आलं, माझ्या औंधच्या बहिणीकडे मुक्काम आला, शाळेची रजा आली. लेकीचीही आणि माझीही, कारण मी सकाळच्या सत्रात तास घेते आणि तिथं रजा म्हणजे पगाराला कात्री.

मी आपलं म्हटलं, "पिस्तूल ते पिस्तूल. तीन वर्षांची मेहनत आहे, जमेल तिला." त्यावर आमचे 'हे' वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "तुला स्कूटर येते, म्हणून एसटी चालवशील का?" राग आला, पण प्रश्न डोक्यात रुतून बसला. एका पिस्तुलावर बसलेला हात दुसऱ्या पिस्तुलावर चालतो का? की तीन वर्षं वाया? हा प्रश्न मनात घेऊनच मी त्या दिवशी पहाटेच्या मुंबई गाडीत बसले. दिवाळीच्या सुट्टीत लेकीनं पंधरा दिवस सराव केला होता आणि आता राज्य पातळीवरच्या एका स्पर्धेत तिची पंचवीस मीटरची पहिली परीक्षा होती.

शिरवळला उजाडलं. नीरा ओलांडली की पुणे जिल्हा लागतो. तिथपासून लेक खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून बसली होती. झोपली नव्हती. उजव्या हाताचं पहिलं बोट तेवढं मांडीवर हळूहळू दाबत होती. कात्रजचा बोगदा, वारजे, चांदणी चौक करत गाडी बाह्यवळणानं जाते आणि बालेवाडीला आपल्याला रस्त्याच्या कडेला उतरवून देते. तुम्ही कधी गेलात तर स्वारगेटला मुळीच जाऊ नका, सगळं पुणं ओलांडून परत यावं लागतं.

श्री शिवछत्रपती क्रीडानगरी हे तिचं पूर्ण नाव. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी ती उभारली, तेव्हा म्हाळुंगे-बालेवाडीला शेतं होती म्हणतात. मुळा नदी जवळच आहे. २००८ मध्ये इथं राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. आता चहूकडे उंच इमारती आहेत, पण फाटकातून आत गेलं की एकदम मोकळं वाटतं. मोठाली झाडं, रुंद रस्ते, सायकलवरून जाणारी खेळाडू पोरं. कुणाच्या खांद्यावर रॅकेट, कुणाच्या पाठीवर पोहण्याची पिशवी. आमच्या वेळी मुलींच्या खेळाचा तास म्हणजे लंगडी आणि फार तर खो-खो. पण ते असो.

आधी आम्ही गेलो दहा मीटरच्या हॉलमध्ये, कारण लेकीच्या मैत्रिणीचा सामना होता. हा हॉल बंदिस्त आहे. आत शिरल्यावर पहिली जाणवते ती शांतता. ओळीनं मुली उभ्या, एक हात खिशात किंवा पट्ट्यात अडकवलेला, दुसरा हात सरळ समोर. पिस्तूल एकाच हातानं धरायचं, हा नियमच आहे. मधूनमधून 'टक्‌' असा आवाज होतो, स्टेपलर दाबल्यासारखा. ७५ मिनिटांत ६० छर्रे मारायचे. पूर्वी बायकांना ४० च असत, २०१८ पासून पुरुषांइतकेच ६० झाले. समोरच्या लक्ष्यात दहा गुणांचा जो ठिपका असतो तो फक्त साडेअकरा मिलिमीटरचा. शर्टाचं बटण घ्या, तेवढा!

पण माझं लक्ष ठिपक्याकडे नव्हतं. मी बघत होते ती लेकीच्या मैत्रिणीकडे. तिनं हात उचलला, पिस्तूल काळ्या गोलाखाली आणून स्थिर केलं, पाच-सहा सेकंद गेले, आणि तिनं छर्रा न सोडताच हात खाली घेतला. श्वास घेतला. पुन्हा उचलला. पुन्हा खाली. तिसऱ्या वेळी 'टक्‌'. दहा! माझी लेक कानात कुजबुजली, "आई, हेच तर शिकायचं असतं. मनासारखं नसेल तर सोडायचं नाही. नको म्हणायचं." तीन वर्षं सरांनी हेच तिच्या अंगी मुरवलं होतं. घाई नको, शंका आली की हात खाली. ते इतकं मुरलं आहे की ती घरात भाजी फोडणीला टाकतानाही तेल पुरतं तापल्याची खात्री होईपर्यंत मोहरीचा डबा हातात धरून उभी असते.

तिथून पंचवीस मीटरच्या रेंजकडे चालत गेलो आणि वाटेतच 'फट्‌ फट्‌' आवाज सुरू झाले. मी कानात कापसाचे बोळे घालून गेले होते. पहिल्या फैरीलाच त्यांचा निरुपयोग कळला. बाकावर बसलेल्या कोल्हापूरकडच्या एका ताईंनी आपल्या पिशवीतून कानावर चढवायचे मोठे मफ काढून माझ्यापुढे धरले. "पयल्यांदाच आलाय जणू? घाला हे. कापसानं काय हुतंय!" त्या ओळखीनं पुढचे चार तास मला फार आधार दिला. त्यांची मुलगी दोन वर्षं पंचवीस मीटर करते आहे.

ही रेंज दहा मीटरसारखी बंदिस्त नाही. नेमबाज छपराखाली उभ्या असतात, पण त्यांच्या आणि लक्ष्याच्या मध्ये आभाळ असतं. ऊन, वारा, सावल्या. दारूचा एक तिखट वास येतो, दिवाळीच्या पहाटेसारखा. पिस्तुलातून उडालेल्या पितळी पुंगळ्या जमिनीवर टणटणत पडतात. दर फैरीनंतर पिस्तुलं रिकामी करून, नळीत रंगीत दोरी घालून ठेवतात. कुणी पुढं जायचं असेल तर त्याआधी अधिकारी प्रत्येकीचं पिस्तूल स्वतः बघतो. ही शिस्त बघून मात्र माझ्या आईच्या जिवाला बरं वाटलं.

बायकांच्या या स्पर्धेचे दोन भाग असतात, आणि सगळी गोम त्यातच आहे. पहिल्या भागात ३० गोळ्या सावकाश, दर पाच गोळ्यांना पाच मिनिटं. तो बराचसा दहा मीटरसारखाच. दुसऱ्या भागातही ३० गोळ्या, पण भरभर. हात खाली झुकवून तयार राहायचं. समोर लाल दिवा लागतो, तो सात सेकंद राहतो. मग हिरवा, फक्त तीन सेकंद. त्या तीन सेकंदांत हात वर, नेम, ट्रिगर. एकच गोळी. पुन्हा लाल, सात सेकंद. पुन्हा हिरवा. असं पाच वेळा म्हणजे एक फैर. हिरवा दिवा गेल्यावर गोळी सुटली तर शून्य, मग ती दहाच्या मधोमध का लागेना. दहाचा गोल इथं चांगला दहा सेंटिमीटरचा असतो, मोठ्या पुरीएवढा. पण 'नको' म्हणून हात खाली घेण्याची सोय नाही.

सर शेजारी येऊन बसले तेव्हा मी माझा तो स्कूटर-एसटीचा प्रश्न त्यांना विचारून टाकला. ते हसले. म्हणाले, "बाई, अर्धं तिनं बरोबर आणलंय. पिस्तूल धरण्याची मूठ तीच. नजर पुढच्या माशीवर ठेवायची, लक्ष्य अंधूक दिसलं तरी चालेल, हे तेच. ट्रिगर झटक्यानं ओढायचा नाही, हेही तेच. छर्रा गोळीपेक्षा सावकाश जातो, त्यामुळे सुटल्यावरही हात क्षणभर जागच्या जागी ठेवावा लागतो. एअर पिस्तूलवाल्यांना ती सवय असते आणि ती इथं फार उपयोगी पडते. नवीन काय? तर एअर पिस्तुलाचा ट्रिगर कमीत कमी पाचशे ग्रॅमचा, याचा किलोचा. गोळी सुटली की पिस्तूल थोडं उसळतं. हे सगळं महिन्या-दोन महिन्यांत जमतं."

"मग अडतं कुठं?"

"अडतं ते चांगल्या सवयीपाशी," सर म्हणाले आणि उठून गेले.

हे मला लगेच कळलं नाही. कोल्हापूरच्या ताईंना कळलं होतं. त्यांनी विचारलं, "वहिनी, तुम्ही लग्नाआधी भाकरी करत हुता?" नव्हते करत. माहेरी पोळ्याच. साताऱ्याला आले तेव्हा माझ्या पोळीचं घरात कौतुक झालं, आणि भाकरीची मात्र पहिले सहा महिने दैना. पोळीची कणीक भिजवून झाकून ठेवायची, मुरली की पोळी मऊ होते. ज्वारीचं पीठ तसं ठेवलं की संपलं. मळलं की लगेच थापायचं, नाहीतर कडेला चिरा पडतात. तवा, आच, हाताचा अंदाज हे सगळं मला येत होतं. नडत होतं ते थांबणं, आणि थांबणं हीच माझी पोळीतली हुशारी होती! सासूबाई पाठीमागे उभं राहून म्हणायच्या, "बघत काय बसलीस? थाप!"

आता तुम्ही म्हणाल, मोठमोठे नेमबाज दोन-दोन प्रकारांत पदकं घेतात ते कसं? घेतात ना. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये मरिना लोगविनेंको या रशियन बाईनं दहा मीटर आणि पंचवीस मीटर, दोन्ही सुवर्णपदकं नेली. २०१६ मध्ये रिओला ग्रीसच्या अ‍ॅना कोराकाकीनं पंचवीस मीटरचं सुवर्ण आणि दहा मीटरचं कांस्य घेतलं. पुरुषांत कोरियाच्या जिन जोंग-ओनं २०१२ ला लंडनमध्ये दहा मीटर आणि पन्नास मीटर दोन्ही जिंकले. पण पन्नास मीटरचं पिस्तूलही सावकाशीचंच होतं, दहा मीटरचं सख्खं भावंड. (२०१६ नंतर ते ऑलिंपिकमधून वगळलं.) त्याच लंडनमध्ये आपल्या विजय कुमारनं रौप्य मिळवलं ते रॅपिड फायरमध्ये. तिथं पाच गोळ्या पाच वेगवेगळ्या लक्ष्यांवर, शेवटी तर चार सेकंदांत. पुरुषांत सावकाश आणि भरभर अशी दोन बिऱ्हाडं निरनिराळी आहेत. बायकांना मात्र पंचवीस मीटरवर एकाच दिवशी दोन्ही घरं सांभाळावी लागतात. नवल नाही म्हणा!

आपल्या मनू भाकरचंच बघा. २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत ती सोळा वर्षांची होती. दहा मीटरमध्ये मनू पहिली, हीना सिद्धू दुसरी. दोनच दिवसांनी पंचवीस मीटर झालं, तेव्हा हीनाला सुवर्ण मिळालं; मनू त्यात उतरलीच नव्हती. त्याच वर्षी एशियाडला पंचवीस मीटरच्या प्राथमिक फेरीत मनू सगळ्यांच्या पुढं होती, अंतिम फेरीत सहावी आली. अंतिम फेरी सगळीच्या सगळी भरभर असते, सावकाशीचा भाग तिथं नसतोच. ते सुवर्ण कुणाला मिळालं? आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतला! थायलंडच्या मुलीशी बरोबरी होऊन जादा फैरी झाल्या आणि राहीनं बाजी मारली. राहीनं पंचवीस मीटर हेच आपलं घर मानलं होतं. २०१३ मध्ये कोरियात चांगवॉनला विश्वचषकातलं सुवर्णही तिनं यातच घेतलं होतं. ही हकिकत सांगताना बाकावरच्या ताईंचा आवाज असा काही चढला, की पलीकडच्या अधिकाऱ्यानं वळून बघितलं.

मनूनं दोन्ही प्रकार सोडले नाहीत. सहा वर्षांनी, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तिनं दहा मीटरचं कांस्य घेतलं, सरबज्योत सिंगच्या जोडीनं मिश्र गटातलं दुसरं कांस्य घेतलं, आणि पंचवीस मीटरला ती चौथी आली. त्या पंचवीस मीटरच्या प्राथमिक फेरीत तिचे सावकाश भागात २९४ होते आणि भरभर भागात २९६. म्हणजे जिथं ती सोळाव्या वर्षी अडखळली होती, तिथं ती आता जास्त पक्की होती. सहा वर्षं लागली, हे मी मनात नोंदवून ठेवलं. यजमानांना सांगायला नव्हे, स्वतःसाठी.

आणि त्याच पॅरिसमधली दुसरी गोष्ट. काळा चष्मा, मागं वळवलेली टोपी आणि थंड चेहरा असलेली कोरियाची किम ये-जी तुम्हीही फोनवर पाहिली असेल. एका लहान मुलीची आई आहे ती. दहा मीटरमध्ये तिला रौप्य मिळालं. पंचवीस मीटर तर तिचा हातखंडा. त्याच वर्षी मे महिन्यात बाकूला तिनं त्यात विश्वविक्रम केला होता. पॅरिसला भरभर भागात तिची एक गोळी तीन सेकंदांत सुटलीच नाही. शून्य! अंतिम फेरी हुकली. मग आमच्या पंधरा वर्षांच्या पोरीची काय कथा?

साडेअकराला लेकीचा सावकाश भाग झाला. ३०० पैकी २७१. पहिल्या खेपेला हे चांगलं म्हणायचं, सरांनी लांबूनच मान हलवली. मी मनातल्या मनात 'यांना' म्हटलं, बघा, चालते की एसटी! मधल्या वेळात दशमी खायला ती आली तेव्हा मी तिला आधी नळावर पाठवलं. मैत्रिणींनो, तुमच्या घरी कुणी नेमबाजी करत असेल तर एवढं लक्षात ठेवाच. छर्रे आणि गोळ्या शिशाच्या असतात, बोटांना शिसं लागतं, आणि ते पोटात जाणं मुलांना फार वाईट. साबणानं हात धुतल्याशिवाय डब्याला हात नाही. रेंजवरचे कपडेही मी घरच्या कपड्यांत कालवत नाही, वेगळे धुते.

मग भरभर भाग.

"लोड." मिनिटभर शांतता. "अटेन्शन." सगळ्यांचे हात खाली तिरपे झाले. लाल दिवा. मी नकळत मोजायला लागले. हिरवा लागला आणि आठही मुलींचे हात एकदम वर गेले, कवायतीसारखे. सात आवाज झाले. आठवा झाला तेव्हा दिवा लाल झाला होता. मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी तिची मान ओळखते. तिनं नेम धरला होता, तो तिला मनासारखा वाटला नव्हता, आणि ती थांबली होती.

पहिल्या पाच गोळ्यांत दोन शून्यं. एकूण २९. पण गंमत ऐका, उरलेल्या तीन गोळ्यांचे गुण होते दहा, दहा आणि नऊ! दुसऱ्या फैरीत एक शून्य, ३६. म्हणजे सुटली ती प्रत्येक गोळी नीट जात होती. हात उत्तमच आला होता दहा मीटरवरून. आली नव्हती ती 'आता' म्हणण्याची तयारी. ताईंनी माझा हात घट्ट धरला होता. "आमचीनं पयल्या मॅचला पाच शून्यं घातली हुती," त्या म्हणाल्या. खरं की माझी समजूत काढायला, कोण जाणे.

दुसऱ्या फैरीनंतर लेकीनं मागं वळून पाहिलं. बोलायला परवानगी नसते, आणि मी सांगणार तरी काय होते? आमच्या शाळेत एकदा तिसरीच्या बाई आजारी पडल्या म्हणून मला दहावीच्या वर्गावरून तिसरीवर पाठवलं होतं. दहावीला प्रश्न विचारून मी गप्प उभी राहते, मुलं विचार करतात, ती शांतता मला आवडते. तिसरीत मी तशी गप्प उभी राहिले, आणि दुसऱ्या मिनिटाला दोघं बाकावर चढली! त्या दिवशी घरी येऊन मी रडले होते. मला शिकवताच येत नाही असं वाटलं होतं. हे लेकीला मी कधी सांगितलेलं नाही. मी नुसती हातानं भाकरी थापल्याची खूण केली. तिला ती कळली असेल असं वाटत नाही, पण ती हसली मात्र.

पुढच्या चार फैरी ४१, ४०, ४४, ४३. शून्य एकही नाही. नेम मात्र आता सांडत होता, सात-आठांवर जात होता, पण वेळेत. भरभर भागाचे २३३, एकूण ५०४. यादीत नाव शोधायला खालून सुरुवात करावी लागली.

परतीच्या गाडीत बराच वेळ ती बोलली नाही. खेड शिवापूरच्या पुढं म्हणाली, "आई, मला भीती कशाची वाटते माहिती आहे? इथली घाई तिकडे गेली तर? दहा मीटरला मी नको म्हणायचं विसरले तर?" हा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नव्हता. मी इतके दिवस दहा मीटरचं पंचवीसला जाईल का एवढंच मोजत होते. उलट्या वाटेनं काय येईल ते कुणी मोजलंच नव्हतं. सरांना फोन लावला. ते म्हणाले, थोडे दिवस होईल तसं, दोन्हीकडचे गुण उतरतील. आठवड्याचे दिवस वाटून घेऊ, एकाच दिवशी दोन्ही नको. मी विचारलं, किती दिवस? त्यांनी महिने सांगितले नाहीत. उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत बघू, म्हणाले.

घरी 'ह्यां'ना गुण सांगितले. त्यांनी कागदावर दोन्ही भाग वेगवेगळे लिहून घेतले, हिशेबनीस माणूस! शून्यं बाजूला काढली आणि सुटलेल्या गोळ्यांची सरासरी काढली. बराच वेळ कागदाकडे बघून म्हणाले, "उन्हाळ्यापर्यंत काडतुसांचे पैसे मी बघतो. पुढचं पुढं." स्कूटरचा विषय निघाला नाही. मीही काढला नाही.

सध्या आमच्याकडे रोज संध्याकाळी वीस मिनिटं कवायत असते. एअर पिस्तूल रिकामं, दोनदा तपासलेलं, तोंड कोऱ्या भिंतीकडे, आणि त्या वेळात धाकट्याला त्या खोलीत यायला बंदी. दिव्याचं काम सासूबाईंनी आपणहून पत्करलं आहे. माळ घेऊन त्या खुर्चीत बसतात, सात मणी ओढतात आणि म्हणतात, "हिरवा!" मग तीन मणी. हात वर जायला उशीर झाला की माळ थांबते आणि स्वयंपाकघरात मला ओळखीचा आवाज ऐकू येतो, "बघत काय बसलीस?"